कच्च्या कागदांच्या पुड्या

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलायला लागलात. तिकडे तुम्ही एक सिनेमा पाहिला आणि त्यात आपल्या घरातली सांभाराची गोष्ट निघाली. मग धाकटी म्हणाली, "पण आजी, शेवटी आत्याचं नाव आलंच नाही." मी 'नंतर सांगते' म्हणून विषय बदलला, कारण तुमची आत्या शेजारच्याच खोलीत होती. आज ती सावंगीला कामावर गेली आहे. हे तुम्हाला तिच्याकडून किंवा काकूआजीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून बसले आहे.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. माझ्या सासूबाई आणि त्यांच्या जाऊबाई अकरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. पवनारहून दोघींची भाजी एकाच गाडीतून वर्ध्याच्या बाजारात जायची. सासूबाई सकाळी न बोलता जाऊबाईंच्या टोपलीत सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी खोचायच्या, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या टोपलीत दोन लिंबं असायची. अबोला सुटला नाही आणि सांभारही चुकला नाही.

यावर आत्यानं पटकथा लिहिली. कामावरून आली की जेवणाच्या टेबलावर बसायची. सुटे कागद, एका बाजूला लिहिलेले, आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख. असं दोन वर्षं चाललं. सिनेमाच्या जगात आपलं ओळखीचं कोणी नव्हतं. ज्याला फोन करावा तो 'थोडक्यात लिहून पाठवा' म्हणायचा, आणि मग उत्तर नाही. शेवटी मैत्रिणीच्या ओळखीनं एका दिग्दर्शकानं तिला मुंबईला बोलावलं, नॅरेशनला. म्हणजे लेखकानं समोर बसून अख्खा सिनेमा तोंडी सांगायचा.

जाण्याआधी तिला लेखकांच्या संघटनेत पटकथेची नोंद करायची होती. तिथं आपल्या लिखाणावर तारीख पडते, पुढे वाद झाला तर ती कामी येते. मी तिला अडवलं.

"इतकी काटाकाट केलेले कागद कोणी नोंदवतं का? आधी स्वच्छ प्रत होऊ दे."

"आई, तिथं अक्षर नाही बघत."

"मी बघते ना."

तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. कच्च्या वहीला मी कधी मार्क दिले नाहीत. आत्यानं माझं ऐकलं. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, की तिनं ऐकलं.

मुंबईहून ती खुशीत परतली. दोन तास सांगितलं म्हणे, चहा थंड झाला. त्यानं मध्ये एकदाच विचारलं, "या दोघींमध्ये खलनायिका कोण?" ती म्हणाली, "कोणीच नाही." तो हसला आणि म्हणाला, "छान आहे, पूर्ण लिहून पाठवा."

स्वच्छ प्रत मी स्वतः लॅपटॉपवर उतरवली. दीड महिना लागला. पहिल्या पानावर काम पूर्ण झाल्याची तारीख ठळक टाकली, त्याच दिवशी नोंद केली आणि प्रत पाठवली. मग कपाट आवरलं. कच्चे कागद पिशवीत भरून अंगणात आणले, तेवढ्यात माझी धाकटी जाऊ, तुमची काकूआजी, वांग्याचं बी घेऊन आली.

"काऊन वं बाई, इतके कागद जाळून राह्यल्या का? मले द्या. पुड्या बांधाले होतात."

दरवर्षी पावसाळ्याआधी ती घरचं बी पुड्यांत बांधून नात्यागोत्यात वाटते. वांगी, भेंडी, दोडका. कागद एका बाजूनं कोरे होते, जाड होते. मी पिशवी तिच्या हातात दिली. आत्याला विचारावं, असं माझ्या मनातही आलं नाही. माझ्या लेखी त्यांचं काम संपलं होतं.

त्यानंतर मुंबईहून काही आलं नाही. दोन वर्षांनी तोच सिनेमा आला. गाव दुसरं, सांभाराच्या जागी मिरच्या, आणि एक खलनायिका सासू घातलेली.

आत्यानं संघटनेकडे तक्रार केली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पण समोरच्यांची नोंद आमच्या स्वच्छ प्रतीच्या तारखेच्या तीन आठवडे आधीची निघाली. नॅरेशनच्या आधीचं हातानं लिहिलेलं काही आहे का, असं फोनवर विचारलं, तेव्हा मी समोर भाजी निवडत होते. "आहे ना," आत्या म्हणाली, "तारखांसकट आहे." फोन ठेवून ती कपाटाकडे गेली.

मी सांगितलं. ती ओरडली नाही. "विचारायचं होतं ना गं," एवढंच म्हणाली.

पुढचे तीन रविवार ती आणि काकूआजी स्कूटरवर गावोगाव फिरल्या. सगळीकडे एकच उत्तर: बी पेरलं, कागद चुलीत गेला. काकूआजी वाटेत स्वतःलाच बोल लावत होती. "मले का मालूम पोरी, त्यात तुहा शिनेमा होता? मी तं वांगे बांधले त्यात." तेव्हा आत्या हसली म्हणे, आणि स्कूटर जाम गावाच्या रस्त्याला वळवली. जामला काकूआजीच्या बहिणीकडे एक पुडी न फोडलेली मिळाली. तिनं त्या वर्षी दोडका लावला नव्हता. कागदावर आत्याचं अक्षर होतं. तारखेचा कोपरा पुडी खळीनं चिकटवताना फाटून गेला होता.

एका बिनतारखेच्या कागदावर काही ठरत नाही, असं संघटनेनं कळवलं. तक्रार तिथंच थांबली.

आत्या आता दुसरं काहीतरी लिहिते आहे. काय, ते मला ठाऊक नाही. पूर्वी एकेक पान वाचून दाखवायची. आता कागद ऑफिसच्या खणात ठेवते आणि किल्ली पर्समध्ये. बाकी सगळं पहिल्यासारखं आहे. माझ्या गोळ्या ती वेळेवर काढून देते, दवाखान्यात नेते. तुम्ही तिच्याशी बोलाल तेव्हा त्या सिनेमाचं जरूर बोला. गोष्ट कोणाची आहे हे तुम्ही ओळखलंत, ते तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. मी सांगितलं तर ते वेगळं होतं.

जामचा तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे, घड्या तशाच. त्यावर गाडीतलं दृश्य आहे, एक बाई दुसरीच्या टोपलीत सांभार खोचते, तिथपर्यंत. त्यातले दोडक्याचे एकवीस दाणे वेगळ्या डबीत ठेवले आहेत.