राखेवरचा गुंड

“गळते का?”

कुठलंही भांडं, बादली, पाण्याची टाकी किंवा नवं छप्पर दिसलं की भाऊंचा पहिला प्रश्न हाच. शाळेतल्या मास्तरांनी नवी मोटारसायकल घेतली तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मास्तर वरवर हसले, पण पुढचे दोन दिवस येता-जाता वाकून पेट्रोलची टाकी बघत होते.

मी ग्रामपंचायतीत बाबू होतो. आमचं गाव कारध्याच्या थोडं पुढे. भाऊ रोज सकाळी सायकलने वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्याला पितळेच्या कारखान्यात जायचे. कारखाना म्हणजे काय, टिनाचं छप्पर, चार भट्ट्या आणि कान किटतील एवढी ठोकाठोक. तिथे गुंड बनायचे. पाण्याच्या पितळी घागरीला आमच्याकडे गुंड म्हणतात. त्याचा वरचा भाग वेगळा घडवतात, खालचा वेगळा. ते दोन भाग भट्टीवर जोडायचं काम भाऊंचं. सांध्यावर पितळेचा कीस आणि टाकणखार लावायचा, आच द्यायची, आणि कीस वितळून चमकला की लगेच बाहेर ओढायचं. जरा उशीर झाला तर गुंडच हातचा जातो.

जोडलेला गुंड पाण्याने भरून कोरड्या राखेवर ठेवायची त्या कारखान्यात रीत होती. सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं असलं तरी थोड्या वेळाने राखेवर काळा डाग उमटतो. ज्याचा सांधा गळला, त्याने तो गुंड आपल्या हाताने फोडायचा. मालकाने बोलायचं नाही, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बावीस वर्षांत तुम्ही किती फोडले, असं मी एकदा भाऊंना विचारलं. ते म्हणाले, तीन. आणि त्या तिन्ही दिवशी काय काय घडलं होतं तेही त्यांनी मला बसवून सांगितलं. पैकी एका दिवशी त्यांची मुलगी जन्मली होती, म्हणून तो एक त्यांनी स्वतःला माफ केला होता.

लग्नात भाऊंना जेवणापेक्षा आंदणाच्या भांड्यांत जास्त रस. मांडलेल्या भांड्यांपाशी ते उकिडवे बसायचे, गुंडात हात घालून आतून सांध्यावर बोट फिरवायचे आणि म्हणायचे, “हा माह्या हातचा होय.” गुंडावर नाव मालकाचं ठोकलेलं असायचं. एका वरबापाला वाटलं, हा माणूस भांड्यावर हक्क सांगतो आहे. मोठी पंचाईत झाली. शेवटी मीच मध्ये पडून समजूत घातली.

मग जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला. त्याचा पितळेशी संबंध नाही, पण त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतच हे सगळं घडलं म्हणून ते माझ्या डोक्यात एकत्र बसलं आहे. लोक आंदणात स्टील देऊ लागले, पाण्याला प्लास्टिकचे ड्रम आले. एका सकाळी मालकाने सगळ्यांना चहा पाजला आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. भाऊ तेव्हा पंचेचाळिशीत होते. घरी आले आणि दुपारभर त्यांनी सायकल धुतली, असं त्यांची बायको, आमच्या वहिनी, सांगायच्या.

पुढे त्यांनी काय केलं नाही ते विचारा. धानाच्या गोदामात हमाली केली, रोवणीला गेले, विटाभट्टीवर राबले. नदीच्या रेतीत टरबुजाची वाडी लावली. खालच्या धरणाचं पाणी मागे चढत आलं आणि वाडी बुडाली. तलावाचा गाळ काढायच्या कामावर घमेली वाहिली. घरात चुलीवर कधी काही असायचं, कधी नसायचं. पण भाऊ कुणाच्या दारात रडत बसलेले मी पाहिले नाहीत. भेटले की “जयभीम, बाबू,” म्हणायचे आणि माझ्या हातातल्या थर्मासकडे बघून विचारायचे, गळते का?

एका गोष्टीसाठी मात्र ते हटून बसायचे. आमच्याकडे सदा कसलं ना कसलं सर्वेक्षण चालू असतं आणि प्रत्येक कागदावर व्यवसायाचा रकाना असतो. मी त्यात ‘मजूर’ लिहायचो. भाऊ टेबलाच्या पलीकडून उलटं वाचायचे आणि विचारायचे, “तिथं कारागीर नाही बसत का जी?” मी म्हणायचो, पुरावा लागतो. मालकाच्या हजेरीपुस्तकात त्यांचं नाव कधी चढलंच नव्हतं. ते मान हलवून जायचे आणि पुढच्या कागदाच्या वेळी पुन्हा तेच विचारायचे. खरं सांगतो, मला त्याचा वैताग यायचा.

मग कारागिरांसाठी एक योजना आली. ओळखपत्र मिळणार, म्हातारपणी मानधन मिळणार. हजेरी नसली तरी चालेल, काम करून दाखवा, एवढीच अट. मीच भाऊंचा अर्ज भरला. भंडाऱ्यात उरलेल्या एका दुकानातून त्यांनी गुंडाचे दोन भाग मागून आणले आणि पंचायतीच्या आवारात भट्टी लावली. तोवर त्यांची साठी उलटली होती, नजर अधू झाली होती. तरी चिमटा हातात घेतला आणि माणूस बदललाच. पाठ ताठ, डोळे आचेवर. गुंड जोडून झाला. तपासणीला आलेल्या साहेबांनी तो हातात फिरवला, छान म्हणाले, पेन काढलं.

“थांबा जी,” भाऊ म्हणाले. त्यांनी चुलीतली राख मागवली, पसरली, गुंड भरून तिच्यावर ठेवला आणि बाजूला उभे राहिले. आम्ही चहा प्यायलो. मग त्यांनी गुंड उचलला. राखेवर उडदाएवढा काळा डाग होता.

“साहेब, गळते. याच्यावर सही नका करू.”

साहेब भला माणूस होता. एवढं चालते हो, कोण पाहते, असं तो म्हणाला. भाऊ म्हणाले, “पाणी पाहते ना जी.” आणि आमच्यादेखत त्यांनी हातोडीने तो गुंड फोडला.

मी इतका संतापलो की महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. शेवटी तेच आले. म्हणाले, “बाबू, मजूर लिहा, मी आहोच मजूर. त्याची लाज नाही मले. पण गळक्या गुंडाचा कारागीर नका लिहू.” पुढच्या खेपेला नीट जोडतो, असंही म्हणाले. माझा राग तिथेच गेला. हा माणूस माझ्या ओळखीचा, याचा मला त्या दिवसापासून अभिमान वाटत आला आहे.

पुढची खेप यायच्या आधीच, उन्हाळ्यात, भाऊ गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

मृत्यूची नोंद करायला वहिनी आल्या, सोबत लेक होती. नाव, वय, पत्ता लिहीत मी व्यवसायाच्या रकान्यापर्यंत आलो आणि हाताच्या सवयीने लिहून मोकळा झालो. वहिनींना वाचता येत नव्हतं. काय लिहिलं, त्यांनी विचारलं. मजूर, मी म्हणालो.

“खोडा ते.”

मी म्हणालो, वहिनी, पुरावा नाही ना आपल्याकडे.

“साहेब सही करून राहिला होता, बाबू. निस्ते मजूर असते तं गप राह्यले असते. यायनं सांगतलं, गळते म्हून. आखीन कोणता पुरावा पायजे तुमाले? कारागीर लिहा.”

त्या नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. मी रेघ मारली, वर ‘कारागीर’ लिहिलं आणि बाजूला माझी पूर्ण सही केली. माझ्या नोकरीत त्या वहीत झालेली ती एकच खाडाखोड.