जावईवेल

आई मजुरीला जाते त्या मळ्यात वाइनसाठी थंड मुलखातली पिनो न्वार जातीची द्राक्षं लावली आहेत. त्या वेलींना नाशिकचं ऊन सोसत नाही, म्हणून वर हिरवी शेडनेट आणि दुपारी पाण्याचा फवारा. कामाच्या बायका त्यांना ‘जावई’ म्हणतात.

परवा पानं विरळून दमलेली माझी आई भाकरी घेऊन शेडनेटखाली बसली, तर मुकादम म्हणाला, “मावशी, उठा. वेलींना वारा लागू द्या.”

“चला गं, जावयाची झोपमोड नको,” म्हणत आई हसत उन्हातल्या बांधावर गेली.

मला हसू आलं नाही. झाडाचा हेवा करणं माझ्यासारख्या मजूर चळवळीतल्या माणसाला शोभत नाही, पण मी केला. पाहुण्याला ऊन लागतं, हे सगळ्यांना कळतं. इथेच जन्मलेल्या माझ्या आईला कुणी कधी विचारलंय का, बाई, तुला तरी इथली हवा मानवते का?