चौघांचं पाणी

दुसऱ्याच्या घरी नळ ठिबकताना दिसला, की ते बोलणं अर्धवट टाकून आधी तो नळ घट्ट बंद करतात. कुठल्याही कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख घालतात, वाणसामानाच्या यादीवरसुद्धा. घड्याळ असो, वजनकाटा असो, वाचायच्या आधी काचेवर बोटानं दोनदा टकटक करतात. चहा उभ्यानंच पितात. चिडले की त्यांचा आवाज चढत नाही, शब्द कमी होतात. फारच चिडले तर नुसतं "बरं" म्हणतात.

गल्लीत त्यांना मीटरसाहेब म्हणतात. एकवीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासले. मग एक दिवस राजीनामा लिहिला आणि वरिष्ठांच्या टेबलावर ठेवला. रोपवाटिका काढायची होती. घराच्या मागे जागा होती, घरात माणसं होती. आणखी काय लागतं, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं.

वरिष्ठांनी कागद वाचला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

"तीन महिने इथेच राहू दे. तिसऱ्या महिन्याच्या एकतीस तारखेला पाचच्या आत आलात, तर फाडून टाकतो. नाही आलात, तर वर पाठवतो. झाडांचं काही खरं नसतं, साहेब."

ही गोष्ट घरी कळली तेव्हा बायकोनं लगेच हिशेब मांडला. एका शाळेनं कुंपणाला दोनशे झुडपं सांगितली होती.

"शाळेनं झाडं नेली, तर नर्सरी," ती म्हणाली. "नाही नेली, तर एकतीसला तुम्ही ऑफिसात. इस्त्रीचा शर्ट मी तयार ठेवते."

"बरं," ते म्हणाले.

कामं त्यांनीच वाटून दिली. माती कालवणं बायकोकडे, पिशव्या भरणं आईकडे, गिऱ्हाईक मुलीकडे. पाणी स्वतःकडे. पाण्याच्या बाबतीत त्यांचा कोणावर विश्वास नव्हता. ऑफिसात एक गोष्ट बरी होती. वाटून दिलेलं काम माणूस निदान दुसऱ्याचं करत नसे, बहुतेक वेळा स्वतःचंही करत नसे. इथे प्रत्येकाला प्रत्येकाच्या कामातलं कळत होतं. आई मातीत हात घालून म्हणायची, भुसभुशीत नाही. बायको म्हणायची, पिशव्या गळ्यापर्यंत भरल्यात. मुलगी गिऱ्हाइकाशी बोलायला लागली, की दोघी दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहायच्या. गिऱ्हाईक गुलाब मागायचं आणि सल्ले घेऊन जायचं.

दुसरा महिना सरताना झुडपं पिवळी पडायला लागली.

आधी खालची पानं, मग वरची. मीटरसाहेबांनी खत बदललं. ते खत झाडांना आवडत नाही, असं आईनं जाहीर केलं. बायकोनं सावलीसाठी हिरवी जाळी बांधली, मुलीनं ती सोडली, बायकोनं परत बांधली. झुडपं पिवळी ती पिवळीच. उन्हाळा कडक होता. सकाळी पाणी घातलं तरी तासाभरात वरची माती वाळून पांढरी दिसायची.

त्यातच महिन्याचा मीटर वाचायला त्यांच्याच हाताखालचा जुना माणूस आला. त्यानं वही उघडली, आकडा लिहिला आणि मागची पानं उलटून पाहिली.

"काय झालं?"

"साहेब, रागावू नका. तुमचं रीडिंग तिप्पट आलंय."

"परत वाच."

"तीनदा वाचलं. काचेवर टकटक करून वाचलं, तुम्ही शिकवलंत तसं. कुठेतरी गळती असणार."

गळती! शहरभर लोकांच्या गळत्या शोधल्या, आणि आपल्याच घरात! त्यांनी त्याच दुपारी कुदळ घेतली. मीटरपासून मागच्या भिंतीपर्यंत पाइप जिथून गेला होता, तिथून गुडघाभर खोल चर खणला. दोन दिवस लागले. कंबर धरली. आई चराच्या काठावर खुर्ची टाकून बसली होती.

"अरे, पाइप कोरडा आहे."

"दिसतंय."

"मग खणतोस कशाला?"

"बरं," ते म्हणाले आणि खणत राहिले. पाइप शेवटपर्यंत कोरडा होता.

मग त्यांनी त्यांना येत होतं ते केलं. एक वही घेतली आणि मीटरपाशी स्टूल टाकून बसले. दर अर्ध्या तासानं आकडा लिहायचा. सकाळी सहाला त्यांनी स्वतः पाणी घातलं, तेवढा आकडा पुढे गेला. तो बरोबर होता. साडेसातला काटा पुन्हा फिरायला लागला. ते उठून मागे गेले. आई पदर खोचून नळी धरून उभी होती.

"काय करतेस?"

"तुझ्या लक्षात राहत नाही म्हणून घालते. माती बघ कशी पांढरी पडलीय."

"रोज घालतेस?"

"मग! जिवंत आहेत ती. रविवार थोडाच पाळतात?"

अकराला काटा पुन्हा फिरला. बायको झारी घेऊन होती.

"तुम्ही सकाळी दोन थेंब शिंपडता आणि जाता," ती म्हणाली. "मला काय दिसत नाही?"

चार वाजता मुलगी कॉलेजातून आली. दप्तर खाली टाकलं आणि सरळ नळीकडे गेली.

"बाबा, घरात कोणालाच काळजी नाही त्यांची. मीच बघते म्हणून जगलीत."

मीटरसाहेब चराच्या काठावर बसले. चौघं मिळून दोन महिने ती झुडपं बुडवत होते. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच घालतो. पिवळी दिसली की प्रत्येकजण आणखी थोडं वाढवत होता. तेसुद्धा. गेल्या आठवड्यापासून ते संध्याकाळीही, कोणी बघत नाही असं पाहून, एक फेरी मारत होते. हे त्यांनी वहीत लिहिलं. घरात सांगितलं नाही.

त्यांनी एक पिशवी चाकूनं चिरली. वरचा बोटभर थर कोरडा, खाली काळा चिखल. मुळं बोटांत धरली तर साल सुटून आली.

"आजपासून पाणी बंद," ते म्हणाले. "पिशवी फोडायची, सडलेली मुळं कापायची, कोरड्या मातीत लावायचं. आणि मी सांगेपर्यंत कोणी थेंब घालायचा नाही."

"मरतील रे," आई म्हणाली.

"मरतच होती."

एकतीस तारीख शुक्रवारी आली. बायकोनं शर्ट हँगरला लावून दारावर टांगला. त्यांनी शर्ट घातला. चारला शाळेच्या मोठ्या बाई झाडं बघायला आल्या. मुलीनं त्यातल्या त्यात हिरवी झुडपं पुढे मांडली होती. मीटरसाहेबांनी ती बाजूला केली आणि मागची दाखवली.

"ही आज नेऊ नका. पाणी जास्त झालंय. आमच्याच हातून. तीन आठवडे द्या."

बायकोनं कपाळाला हात लावला.

"किती जगतील?" बाईंनी विचारलं.

"दीडशे. कदाचित."

"लिहून द्याल?"

"कदाचित लिहून देता येत नाही, बाई."

बाईंनी पर्स बंद केली. "तीन आठवड्यांनी येते. पण दुसरीकडेही विचारणार, आधीच सांगते."

त्या गेल्या तेव्हा साडेचार वाजले होते. ऑफिस चालत पंधरा मिनिटांवर.

"निघा," बायको म्हणाली. "नाही नेली तिनं. ठरलं होतं आपलं."

"बरं."

ते फाटकापर्यंत गेले. चपलेत खडा गेला म्हणून वाकले, आणि वाकल्या वाकल्या मागे पाहिलं. आई नळीपाशी होती. बायकोच्या हातात झारी होती. मुलगी बादली भरत होती. तिघी एकमेकींकडे पाठ करून.

"थांबा!"

इतक्या वर्षांत त्यांचा आवाज कोणी एवढा चढलेला ऐकला नव्हता. शेजारची खिडकी उघडली.

"थोडंसंच," आई म्हणाली.

"ऊन बघा ना," बायको म्हणाली.

"मला वाटलं, तुम्ही गेलात," मुलगी म्हणाली.

"मी तिकडे गेलो, तर आठवड्याभरात एक जगणार नाही! एकही!"

"ओरडता कशाला? जा ना, वाजले किती बघा."

"कसा जाऊ? झारी ठेव आधी!"

"तुम्ही जा, मग ठेवते."

हे असं चाललं, तोवर पाच वाजून गेले. बायकोनं घड्याळ पाहिलं आणि झारी खाली ठेवली. मीटरसाहेबांनी बाह्या वर केल्या.

"इस्त्रीचा शर्ट आहे तो," ती म्हणाली. एवढंच.

मग त्यांनी मुलीचा शाळेतला जुना फळा माळ्यावरून काढला आणि भिंतीला टेकवला. पाणी पुन्हा सुरू झाल्यावर कोणी कोणत्या वारी घालायचं, एकदाचं लिहून टाकायचं होतं. खडूनं रेघा मारल्या, सात घरं आखली. पहिल्या घरात लिहिलं : सोमवार, आई.

"मंगळवार मला," बायको म्हणाली.

"मंगळवारी मी लवकर येते," मुलगी म्हणाली.

"सोमवारी माझे गुडघे दुखतात," आई म्हणाली. "मला मंगळवारच दे."

त्यांनी तिघींकडे पाहिलं. खडू फळ्याच्या कडेवर ठेवला, चाकू उचलला आणि उरलेल्या पिशव्या फोडायला बसले. बाकीची सहा घरं अजून रिकामी आहेत.