नेटीच्या शेतातली तेलविहीर

नेटी शुमलान्स्की आमची शेजारीण. शेजारीण म्हणजे तिचं घर आमच्या खिडकीतून काडेपेटीएवढं दिसतं, मध्ये सगळा गहू आणि मसूर. तिचा नवरा ओरेस्ट गेला तेव्हा मुलगा कॅलगरीहून आला आणि म्हणाला, "आई, जमीन विकून टाक, माझ्याकडे चल."

"आणि सकाळी उठून बघू काय? समोरच्या इमारतीची भिंत?" नेटी म्हणाली. ती राहिली.

तिच्या शेताच्या मधोमध तेलाची विहीर होती. वरची माती ओरेस्टची, खालचं तेल भलत्याचंच, अशी कॅनडातल्या आमच्या सॅस्कॅचेवान प्रांताची रीत. पंप दिवसरात्र मान वरखाली करायचा. कापणीला कंबाइन यंत्र त्याला वळसा घालून न्यावं लागे, आणि दर वळशाला ओरेस्ट त्याला एक शिवी हासडायचा.

विहिरी तपासत फिरणारा गिल्बर्ट डेजार्ले रोज सकाळी यायचा. अंगाने थोराड, बोलायला लाजरा, एकटा माणूस. ओरेस्ट गेल्यानंतरच्या पहिल्या थंडीत नेटीने दारातून हाक मारली, "अहो, बोटं गळून पडतील तुमची. आत या!"

तेव्हापासून त्याची कॉफी तिच्याकडे. दूर खडीच्या रस्त्यावर त्याच्या गाडीची धूळ उठली की ती कॉफी ठेवायची, आणि गाडी दारात येईतो कॉफी तयार असायची.

मग एका पानगळीत कप खाली ठेवत तो म्हणाला, "विहिरीला आता तेलापेक्षा पाणीच जास्त येतंय. बंद करणार म्हणतात."

"बरंच झालं," नेटी म्हणाली. "ओरेस्टला आनंद झाला असता." आणि तो गेल्यावर तोच एक कप कितीतरी वेळ धूत बसली.

माणसं आली, सिमेंट ओतून भोक बुजवलं, पंप उचलून नेला. गिल्बर्टच्या बाकीच्या विहिरी दुसऱ्या रस्त्याला होत्या. तो हिवाळा नेटीला फार जड गेला. मी म्हटलं, "फोन कर की त्याला."

"काय सांगू? तेल संपलं, पण कॉफी आहे?"

"हेच सांग."

"चल, वात्रट कुठली!"

वसंतात तिने विहिरीच्या जागेवरही मसूर पेरला. पीक छान आलं, पण ऐन कापणीत तिचा ट्रकवाला खतासाठी पोटॅश काढतात त्या खाणीत कामाला लागला. तिथे पगार बारमाही, त्याला तरी कसा दोष द्यायचा? त्यात पश्चिमेला ढग भरून आले. नेटी गाडीत बसली ती थेट गिल्बर्टच्या अंगणात. रविवार होता, तो लाकडं फोडत होता.

"धान्याचा ट्रक चालवता येतो ना तुला?" आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला 'तू' म्हटलं.

"येतो. कधी?"

"आत्ता. मसूर भिजला तर डुकरंसुद्धा नाक मुरडतील."

तो गडबडून टोपी शोधायला लागला.

"डोक्यावर आहे," नेटी म्हणाली.

दुपारी मी त्यांच्यासाठी बटाट्याचं सारण भरून उकडलेले पेरोगी घेऊन गेले. कंबाइन विहिरीच्या जागेवरून सरळ पलीकडे गेलं आणि बांधाशी थांबलं. काही मोडलं की काय म्हणून मी धावले, तर नेटी आत बसून रडत होती. "ओरेस्टला एक फेरी सरळ मिळाली नाही गं कधी."

गिल्बर्ट खाली उभा होता. त्याने पाण्याची बाटली वर दिली. म्हणाला, "मी आलो असतो. पण विहीर नसताना कुठल्या तोंडाने येणार?"

"हेच आणायचं," नेटी डोळे पुसत म्हणाली. "दुसरं कुठून आणणार होतास?"

पाऊस आला तेव्हा मसूर कोठारात पडला होता.

लग्नबिग्न काही केलं नाही त्यांनी. दोघांची घरं अजून दोन ठिकाणी आहेत. मुलाने फोनवर विचारलं, "आई, ते कोण गं?" तर म्हणाली, "आमचे ट्रकवाले." परवा गिल्बर्टने तिच्या घरामागे सॅस्कटून या जांभळ्या रानफळाची झुडपं लावली. फळ धरायला त्यांना तीन-चार वर्षं लागतात. नेटीने मला आत्ताच बजावलंय, पहिली टोपली मागायची नाही, ती त्याची आहे.