खमंग काकडीचं पाणी

काकडीवर जिरं-मिरचीची फोडणी पडली की त्या वासासरशी मला गिंडीतल्या आमच्या कारखान्याचं कॅन्टीन आठवतं. नोकरीत कायम झालेल्याने सगळ्यांना बिर्याणी खिलवायची, असा तिथला दंडक होता. माझी पाळी नेमकी मे महिन्यात आली. पत्रा असा तापला होता की पंखेसुद्धा गरम वारा फेकत होते. त्या उकाड्यात मला स्वतःलाच बिर्याणी खाववत नव्हती, मग दुसऱ्यांना का घालू? पहाटे उठून मी काकड्या चोचवल्या आणि दाण्याचं कूट, लिंबू, कोथिंबीर घालून पातेलंभर खमंग काकडी केली. घाईत मीठही घरीच घातलं. अण्णा नगरहून बसने येईपर्यंत काकडीला इतकं पाणी सुटलं की झाकण काढताच साहेब हसले, "हे काय, पेशंटचं जेवण? अजून वेळ आहे, बिर्याणी मागव." सगळे माझ्याकडे बघत होते. माझे कान तापले, पण फोन काही मी काढला नाही. "नाही मागवणार," मी म्हणाले, आणि पातेल्यातलं ते पाणी पेल्यात ओतून सगळ्यांसमोर घटाघटा प्यायले. आंबट, तिखट, फर्मास लागलं. मग स्टोअरमधल्या, निवृत्तीला आलेल्या काकांनी आपला पेला पुढे केला. "कोंजम," ते तमिळमध्ये म्हणाले, म्हणजे थोडंसं. मी काठोकाठ भरला. त्यानंतर मला दोनदा बढती मिळाली. मीठ ऐनवेळी घालायला मी शिकले. बिर्याणी मात्र अजून दिलेली नाही.