मासोळीच्या माहेरची वाट

वडशाच्या अलीकडच्या धानपट्ट्यातून नवा रस्ता जाणार असं कळलं, तेव्हा गावात प्रत्येकाला काही ना काही सुचलं. कुणाला चहाची टपरी, कुणाला पंक्चरचं दुकान. पत्रूभाऊंना मासोळी सुचली.

पत्रूभाऊ ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरचे, सत्तरीतले. रस्त्याचा भराव नाला आणि बोडी यांच्या मधून जायचा होता. बोडी म्हणजे धानाला पाणी पुरवणारं गावचं लहानसं तळं. दर पावसाळ्यात नाल्यातली मासोळी अंडी घालायला धानाच्या बांध्यांतून चढत चढत बोडीत जायची. लहानपणी पत्रूभाऊ शेताच्या धुऱ्यावर बसून ती मिरवणूक बघत. हात शिवशिवायचे, म्हणून माय त्यांना त्यांच्याच हातांवर बसवून ठेवायची. तिचा कायदा कडक होता. चढती मासोळी माहेरी बाळंतपणाला चालली आहे, तिला अडवायचं नाही; धरायची ती परतीची. माय गेली, बोडीही निम्मी बुजली, कायदा तेवढा राहिला. आता भरावाखालचा पाइप उंचावर बसला, की मासोळीचं माहेर कायमचं तुटणार होतं.

पर्यावरणाची पाहणी करायला स्वाती मॅडम आल्या त्या नेमक्या उन्हाळ्यात. सरपंच गुणवंतरावांनी पत्रूभाऊंना आधीच बाजूला घेऊन पढवलं होतं, की मासोळीला कोण विचारतं, वाघ सांग. आपल्याकडे वाघाच्या नावानं कागद पळतात. पत्रूभाऊंनी मान डोलावली होती. पण इथून कोणते प्राणी जातात असं मॅडमनी विचारलं, तेव्हा वाघ काही त्यांच्या तोंडातून बाहेर पडेना.

"मांगूर जाते," ते म्हणाले. "मरळ बी जाते."

गुणवंतरावांनी आभाळाकडे पाहिलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. मांगूर किती उंच चढतो, एवढंच त्यांनी विचारलं. आता हे भाऊंनी कुठे मोजलं होतं? नाल्यात पाणी नाही, मासा नाही, दाखवायचं काय? शेवटी त्यांनी डोक्याचा दुपट्टा गुणवंतरावांच्या हाती दिला आणि कोरड्या नाल्यात ते पालथे पडले. कोपरं टेकवत, कंबर डावी-उजवी हलवत बोडीच्या दिशेनं निघाले. हा सत्तरीतला मांगूर धापा टाकत एका दगडापाशी आला आणि अडकला.

"पाइप याच्यावर ठेवसान, बाई, त माझ्यावाणीच इथी पडून राहीन ते."

मॅडमनी हात देऊन त्यांना उठवलं आणि भरावाखालच्या मोरीचा तळ नाल्याच्या तळाला टेकलेला हवा, असं तिथल्या तिथे लिहून घेतलं. घरी बायकोनं, सुगंधाबाईंनी, सदऱ्याची दशा पाहिली.

"काऊन जी, या वयात कुठी लोळून राह्यले?"

भाऊंनी अंघोळीचं पाणी मागितलं.

रस्ता झाला. मोरी खरंच जमिनीला टेकलेली निघाली. आषाढात मासोळी चढली, आणि त्याच गुळगुळीत रस्त्यानं वडशाहून मोटारसायकलीही आल्या, मागे जाळी बांधून. बघतात तर मोरीच्या तोंडाशी पत्रूभाऊ पाण्यात पाय सोडून बसलेले. एकानं अदबीनं म्हटलं, भाऊ, जरा सरका.

"माहेरी चालली ते. परतीले ये."

"परत कधी येते?"

"बाळंतपण झाल्यावर. माहेरी गेलेल्या बाईले कोणी तारीख विचारते का?"

पोरं हसली, थोडा वेळ घुटमळली, मग गेली. एक पोटुशी मासोळी भाऊंच्या पायाला घासून मोरीत शिरली, तिच्यामागून दुसरी. दोन्ही अगदी हाताशी होत्या.

पत्रूभाऊ मात्र हातांवर बसले होते.