उन्हाळी पेट्रोल यायच्या आत

आर्नहेम या डच शहरातल्या ऑफिसात मी पेट्रोल पंपांच्या किमतींचं सॉफ्टवेअर सांभाळतो, म्हणून इथल्या तमाम मराठी मंडळींचा मी पेट्रोलतज्ज्ञ. हिवाळ्याच्या पेट्रोलमध्ये ब्यूटेन जास्त घालतात. ते स्वस्त, चटकन उडणारं, त्यामुळे गारठलेली गाडीही पटकन चालू होते. उन्हाळ्यात तेच उडून हवा खराब करतं, म्हणून ते कमी करून महागाचं काहीतरी घालावं लागतं आणि भाव चढतात. हे मी दर एप्रिलला, कुणी विचारो न विचारो, सांगतोच. बायको म्हणते, "आरत्यांपेक्षा हे जास्त पाठ झालंय मला."

यंदा एप्रिलमधल्या एका शनिवारी मुलीची पोहण्याची परीक्षा होती. इथे पोरांना अंगावरच्या कपड्यांनिशी, बुटांसकट पाण्यात उतरवतात आणि पाण्याखाली सोडलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पलीकडे जायला लावतात. त्या भोकाच्या धास्तीने ती महिनाभर रडत होती. "बाबा, तू समोर उभा राहा, मग मी जाईन," एवढंच तिचं म्हणणं. मी कबूल केलं होतं.

परीक्षा अकराला. सकाळी माझ्या डोक्यात आलं, सीमेपलीकडे जर्मनीत पेट्रोल तसंही स्वस्त, त्यात हिवाळी माल संपायच्या आत टाकी फुल करून येऊ. दीड तासाचं तर काम! बायको म्हणाली, "आज नको रे." मी म्हणालो, "तुला त्यातलं काय कळतंय!"

पंपावर अख्खं आर्नहेम लोटलेलं. तासभर रांगेत गेला. आणि भाव बघतो तर आधीच चढलेला. काउंटरवरच्या बाईंना विचारलं, हे हिवाळी की उन्हाळी? "पेट्रोल आहे," त्या म्हणाल्या. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. उन्हाळी पेट्रोलचा नियम मे महिन्यापासूनचा असला तरी डेपोतला माल आधीपासूनच बदलत आणतात. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही माहिती मीच भरली होती. शहाणा कुठला!

तलावावर पोचलो तेव्हा पाण्यात कुणीच नव्हतं. मुलगी टॉवेल गुंडाळून बाकावर बसली होती, मांडीवर सर्टिफिकेट. मला इतकी लाज वाटली की जवळ जाववेना.

"गेलीस भोकातून?" मी लांबूनच विचारलं.

"हो."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण आई बाजूला व्हिडिओ काढत होती. मग समोर दुसऱ्या कुणाचे तरी बाबा उभे होते, त्यांच्याकडे बघून गेले."